बावल्यांचा देश

"जपान म्हंजे बुद्धाचा देश," असं म्हणून महादूकाकांनी बुद्धरत्नच्या गळ्यात हार घातला, तेव्हाच त्याला कळलं की आता काही खरं नाही.

तुडीलच्या विहारात रविवारची वंदना नुकतीच आटोपली होती. बाहेर कमानीला बॅनर लागला होता. मागे बोधिवृक्ष, पुढे हात जोडून उभा बुद्धरत्न साळवी, आणि खाली 'जपान धम्मयात्रेस मंगल कामना'. चेहरा कंपनीच्या ओळखपत्रावरून घेतलेला होता, जोडलेले हात दुसऱ्याच कुणाचे तरी होते. महादूकाका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आणि आता विहार कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी डबल घंटी मारली की गाडी थांबवायची वस्तीत कुणाची छाती नव्हती.

खरी गोष्ट अशी, की बुद्धरत्न जपानला बाहुल्या बघायला चालला होता.

चाळिशी ओलांडलेला माणूस. महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात ऑपरेटर. लग्नाचं जमता जमता राहून गेलेलं. शिफ्ट करायची, मोटारसायकलवरून तुडीलला यायचं, आईच्या हातची भाकरी खायची आणि कपाटासमोर बसायचं. कपाटात जपानी कार्टूनमधली पात्रं उभी होती: वीतभर उंचीचे रोबोट, तलवारी घेतलेली पोरं, निळ्या केसांची एक मुलगी. जमवणारे लोक त्यांना फिगर म्हणतात. त्याची आई ललिताबाई त्यांना बावले म्हणायची.

ह्या बावल्यांवरून पूर्वी एकदा चौकशी झाली होती. ज्या वस्तीने दोन पिढ्यांपूर्वी घरातले देव काढून नदीत सोडले, तिथे कपाटात ओळीने मूर्ती मांडलेल्या बघून बायका कुजबुजायला लागल्या, देव सोडले नि ह्यानं बावले मांडले. मग महादूकाका स्वतः चष्मा लावून बघायला आले. हे कुठलं दैवत म्हणून विचारलं. बुद्धरत्न म्हणाला, दैवत नाय, रोबोट हाय. पुजतोस काय? नाय काका, पुसतो. काकांनी सगळ्या बाहुल्यांच्या कपाळाला हळदकुंकू नाही ना एवढं तपासलं आणि चहा पिऊन गेले.

तर असा हा माणूस जपानला निघाला. मुंबईच्या त्याच्यासारख्याच वेड्या मंडळींची एक टोळी जाणार होती, तिच्यात त्याने नाव घातलं. आईला म्हणाला, जपानला चाललोय. तिने विचारलं, कशाला. तो म्हणाला, बघायला. एवढंच. तो खोटं काहीच बोलला नाही. बाकीचं ललिताबाईने मनातल्या मनात भरून घेतलं, आणि नळावर शेजारच्या रंगूबाईला सांगितलं. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की ललिताचा रत्ना बुद्धाच्या देशाला चाललाय, तिथं डोंगराएवढा बुद्ध हाय, तो बघणार हाय.

खरं सांगायला त्याने दोनदा तोंड उघडलं होतं. पण आईचा चेहरा बघितला की तो दुसरंच काहीतरी बोलायचा. ललिताबाईला आयुष्यात कुणी कशासाठी मान दिला नव्हता. नवरा मुंबईत गोदीत कामाला, तिथेच आजारी पडून गेला. हिने दुसऱ्यांची शेतं लावत पोरगा वाढवला. आता रस्त्याने जाताना लोक थांबून तिला जयभीम घालत होते, कधी निघणार म्हणून विचारत होते. हे तिच्याकडून काढून घ्यायचं कसं, हे त्याला कळेना. शेवटी त्याने ठरवलं, जपानचा शेवटचा दिवस मोकळा आहे, त्या दिवशी रेल्वेने कामाकुराला जाऊन मोठा बुद्ध बघून यायचं. मग सगळं खरंच होईल.

जपानमध्ये तो सुखात होता. हे सरळच सांगायला हवं, कारण त्याने पुढे कुणाला एवढं सरळ सांगितलं नाही. टोकियोत अकिहाबाराच्या बाजारात, फिगरच्या आठ-आठ मजली दुकानांतून तो तोंड उघडं ठेवून फिरला. एका समुद्रकाठी पाच-सहा मजले उंच रोबोट उभा होता. संध्याकाळी दिवे लागले, गाणं वाजलं आणि त्या धुडाने सावकाश मान वर केली. शेजारी टाय लावलेला, टक्कल पडलेला एक जपानी बाबा उभा होता. ऑफिसची बॅग छातीशी धरून तो ढसाढसा रडत होता. बुद्धरत्नने बघितलं आणि त्याच्याही डोळ्यांना धार लागली. इथे त्याला कुणी, ह्या वयात काय रे हे, असं विचारणारं नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी तो कामाकुराला जायला निघाला. स्टेशनच्या वाटेवर जुन्या खेळण्यांच्या दुकानांची एक इमारत होती. जरा डोकावून येऊ म्हणून आत शिरला आणि चुकला.

त्याच्या लहानपणी बापाने मुंबईहून एक रोबोट आणला होता. लाल छातीचा, हातात ढाल धरलेला. रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचं त्या कार्टूनमधला. कपाटातलं बाकी सगळं त्या एकाच्या मागून आलं होतं. महाडला भाड्याच्या खोलीत राहत असताना एकवीस सालच्या पुरात तो रोबोट वाहून गेला. पाणी उतरल्यावर ललिताबाई तुडीलहून चालत आली आणि लेकाबरोबर खोलीतला चिखल हातांनी चाळत बसली. नवऱ्याच्या हातची घरात तेवढीच वस्तू राहिली होती. ती मिळाली नाही.

तसाच रोबोट तो त्या इमारतीत दिवसभर शोधत राहिला. दुपार टळली, तो जेवला नाही. संध्याकाळी वरच्या मजल्यावर एका म्हाताऱ्याच्या दुकानात, काचेच्या पेटीत, लाल छातीचा रोबोट उभा होता. अस्सल, त्या काळातला. बुद्धरत्नने हातात घेतला, फिरवून बघितला. ढाल डाव्या हातात होती. बापाने आणलेल्याच्या ती उजव्या हातात होती. म्हणजे बापाने फुटपाथवरून नक्कल आणली होती, कुठल्या तरी कारखान्यात हात उलटे बसवलेली. समोरचा खरा होता, पण त्याला हवा होता तो हा नव्हता. त्याने रोबोट जपून परत ठेवला, म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला आणि जिना उतरला. बाहेर अंधार पडला होता, आणि मोठा बुद्ध बघायची वेळ संपून गेली होती.

पोलादपूरच्या दीपेशला त्याने फोन लावला. दीपेशचं हायवेवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दोन तालुक्यांत फिगर जमवणारा दुसरा माणूस तोच. दीपेशने सगळं ऐकून घेतलं.

"टेन्शन कशाला घेतो? एक फोटो काढून पाठव. बुद्ध मी बसवतो तुझ्या पाठीमागं. कोनाच्या बापाला समजनार नाय."

बुद्धरत्न गावी पोचायच्या आधी फोटो तयार होता. हिरवट काळा बुद्ध, निळं आभाळ, पुढे बुद्धरत्न. सावलीसुद्धा बरोबर पडली होती. दीपेश कामाला हुशार.

पौर्णिमेला विहारात कार्यक्रम ठेवला होता. खिरीचं पातेलं बाहेर चुलीवर होतं. भिंतीवर मोठा टीव्ही आणून लावला होता, फोटो दाखवायला. वस्तीतले सगळे सतरंज्यांवर बसले होते आणि पुढे मंचावर खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर ललिताबाईला बसवलं. ती नको नको म्हणत होती. पांढरीशुभ्र साडी नेसून आली होती. काकांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, माईकवर सांगितलं की अशी माता वस्तीत झाली हे आपलं भाग्य. खुर्चीत पाठ न टेकता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती बसली. शाळेत पहिल्यांदा आलेलं पोर बसतं तशी.

मग रिवाजाप्रमाणे त्रिशरण झालं आणि पंचशील सुरू झालं. कार्यक्रम साखरपुड्याचा असो की बारशाचा, पंचशिलाशिवाय इथे सुरू होत नाही. बुद्धरत्न हे लहानपणापासून म्हणत आला होता, जेवायच्या आधी हात धुवावेत तसं. आज त्याच्या एका हातात मोबाइल होता, तो खिशात टाकून त्याने हात जोडले. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. सगळ्यांच्या बरोबर त्याचाही आवाज निघाला आणि मध्येच बंद पडला. सगळे पाचव्यावर गेले तरी तो तिथेच राहिला.

काकांनी माईक त्याच्या हातात दिला. "बोल रत्ना. डोंगराएवढा बुद्ध बघितलास, कसा वाटला ता सांग आमाला."

"मी बुद्ध बघितला नाय, काका," बुद्धरत्न म्हणाला.

टीव्हीपाशी बसलेल्या पोरांना वाटलं, फोटो आला नाही म्हणून म्हणतोय. एकजण वायर हलवायला उठला. बुद्धरत्नने त्याला बस म्हणून खूण केली आणि सांगून टाकलं. की तो बावले बघायला गेला होता. की बुद्धाला जायच्या दिवशी बाबांनी आणलेला रोबोट शोधत राहिला. की त्याच्याजवळ एक फोटो आहे, पण तो खोटा आहे. बोलताना तो लोकांकडे बघतच नव्हता, फक्त आईकडे बघत होता. माईकमुळे त्याचा श्वाससुद्धा सगळ्यांना ऐकू येत होता.

पोरं हसली. एक बाई म्हणाली, अगो बया, आनि आपन हार घातला. महादूकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. 

ललिताबाईने विचारलं, "मिलाला काय रे त्यो?"

"नाय गो आये. होता, पन आपला नव्हता."

तिने मान हलवली. मग उठली. खांद्यावरची शाल काढून तिने घड्यांवर घड्या जुळवून नीट दुमडली, खुर्चीवर ठेवली, वर तळहात फिरवून सरळ केली. "महादूभावजी, ही ठेवा. जो बगून येल त्याच्या आयशीला घाला," म्हणाली. आवाजात राग नव्हता. मंचाची पायरी उतरताना तिने कुणाचा हात धरला नाही. रंगूबाईने सरकून जागा केली, तिथे बायकांमध्ये ती सतरंजीवर मांडी घालून बसली.

बुद्धरत्न माईक धरून उभाच होता. त्याला वाटलं, आता खाली ठेवावा आणि निघून जावं.

"ऊबा काय ऱ्हायलास," ललिताबाई खालून म्हणाली. "काय बगितलंस ता सांग की. आमी आईकतो."

तेव्हा त्याने घसा साफ केला आणि समुद्रकाठच्या त्या संध्याकाळपासून सुरुवात केली.