अळंबीचा वास

"हुंग बरं, कसला वास येतोय?" मावशीने अळंबीचं देठ मोडून माझ्या मुलीच्या नाकाखाली धरलं.

"मावशीआजी, तुझ्या घरासारखा."

"मग चांगलीच असणार," म्हणत मावशीने ती पिशवीत टाकली.

मी बागेतल्या बाकावर तिचं दूध निववत बसले होते, पण नजर तिकडेच होती. मुलगी झाल्यापासून माझी नजर कशावर स्वस्थ टेकतच नाही. मावशीने अळंबी स्वतःच्या नाकाशी नेली नाही, हे मला खटकलं.

कारण माझं लहानपण त्या हुंगण्यातच गेलं. आई ऑफिसला जायची आणि मी मावशीच्या गळ्यात. मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुवायची. ड्युटी संपली की मला घेऊन थेट या बागेत यायची. कुंपणाजवळ घोळ आणि आंबुटीची रानभाजी, पाऊस पडून गेला की गवतात अळंबी. फिरायला आलेले लोक टकमका बघायचे. "बघू देत," मावशी म्हणायची, "त्यांना गवत दिसतं, आपल्याला जेवण." प्रत्येक अळंबी तळाशी खरवडून ती डोळे मिटून हुंगायची. ओल्या मातीचा वास आला तर पिशवीत, फिनेलचा आला तर विषारी, फेक लांब. "दिवसभर फिनेलातच असते बाई मी. तो वास मला झोपेतही कळेल." घरी ती लोण्यावर नुसतं मीठ घालून अळंबी परतायची आणि मी स्टोव्हपासून हलायचे नाही.

नोकरी सुटली तरी मावशीची फरशी फिनेलनेच पुसली जाते. हल्ली तर तिच्या दारात पाऊल ठेवलं की डोळे चुरचुरतात.

मी उठले. पिशवीतली ती अळंबी काढून तळाशी नख मारलं. पिवळा डाग उमटला आणि भपकन फिनेलचा वास आला.

"मावशी, ही फेकायची."

तिने ती घेतली, नाकाशी धरली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. वास शोधायला कुणी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाही.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या तापापासून." मग हसली. "नाकही रिटायर झालं. मला कळवलंसुद्धा नाही."

"सांगायचंस की मग."

"आणि तू पोरीला माझ्याबरोबर सोडली असतीस?"

मला पटकन 'हो' म्हणता आलं नाही. तिला तेवढं पुरलं. तिने पिशवी उलटी केली आणि बऱ्या-वाईट सगळ्या अळंब्या चपलेखाली चिरडल्या, म्हणजे आणखी कुणाच्या पोटात जायला नकोत. भाजीही टाकली.

"घोळ तरी ठेव."

"पानसुद्धा मी चुरगळून हुंगूनच घ्यायचे गं."

मग मुलीला नळावर नेऊन तिने तिची नखं एकेक करून धुतली.

पुढच्या रविवारी मावशी आलीच नाही. मुलगी दाराकडे डोळे लावून बसली. शेवटी मीच तिला घेऊन मावशीकडे गेले.

"बागेत घेऊन जा हिला."

"आता काय करायचंय तिथे?"

"फिरायला."

"फिरायला?" मावशीला हे आयुष्यात कुणी सुचवलंच नसावं. "रिकाम्या हातांनी?"

"हो. मला घरी कपडे वाळत घालायचेत. तुम्ही दोघी जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग चपला घालू लागली.

कपडे कसले नि काय. त्या कोपऱ्यावरून वळल्या तशी मीही निघाले आणि बागेच्या फाटकाआड उभी राहिले.

कुंपणाजवळ आंबुटी दाट आली होती. मावशी थांबली, कमरेत जराशी वाकलीही. मग सावरली. एका हाताने मुलीचं बोट धरून, दुसरा हात पाठीमागे घेऊन, बागेत फिरायला येणारी माणसं चालतात तशी ताठ चालू लागली.