गोठ्यालगतची खोली

अनुजाला आठव्या महिन्यातच मुलगी झाली, तीही ऐन डिसेंबरात. कोल्हापूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली ती नात बघून अनुजाचा बाप बाळासो एवढंच म्हणाला, "आगं, ही तर माझ्या पंजात मावंल." तेही हळू आवाजात, हीच मोठी गोष्ट होती. एरवी तो बांधावरनं बोलला तर धरणापलीकडं ऐकू जायचं.

घरी सोडायच्या आधी सिस्टरनी त्याच्या बायकोला, शालूबाईला, जवळ बसवून सांगितलं, "बाळाला अजून स्वतःची ऊब धरता येत नाही. खोली उबदार पाहिजे, वारं नको. शेगडी तर अजिबात नको, धूर बाधतो. आणि आईनं दिवसातनं जमेल तेवढा वेळ बाळाला उघड्या छातीशी धरायचं. आई दमली तर घरातल्या दुसऱ्या कुणीही धरलं तरी चालतं."

त्यांचं घर राधानगरीच्या पुढं, धरणाच्या पाण्याकडं तोंड करून उभं. उन्हाळ्यात सगळा गाव तिथं वारा खायला यायचा. थंडीत मात्र तोच वारा कौलांखालनं शिरून घरभर फिरायचा.

"हीटर आणतो," बाळासो म्हणाला.

"आन् लाइट गेल्यावर? दवाखान्यात पैसा काय थोडा गेलाय का? घरात हाय त्यातच भागवायचं."

पहिलं भांडण खोलीवरनं झालं. बाळासोच्या मनात पुढचा, पाहुण्यांना बसवायचा सोपा होता. अनुजाच्या लग्नात त्यानं सोप्याला गुळगुळीत फरशी घातली होती, टीव्हीही तिथंच. शालूबाई पहाटे उठून अनवाणी घरभर फिरली, प्रत्येक भिंतीला तळवा लावून बघितला आणि नवऱ्याला हाक मारली.

"हिकडं या. हितं हात लावा."

ती मधली खोली होती. एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला गोठा. गोठ्यातल्या दोन्ही म्हशी भिंतीला टेकूनच बसायच्या. भिंत कोमट लागत होती. खाली सारवलेली जमीन, पायाला गार न लागणारी.

"माझी लेक गोठ्याला लागून ऱ्हाणार?" बाळासो भडकला. "जावई बघायला येणार. पावणं काय म्हणतील?"

"पावण्यास्नी बसवा की फरशीवर. पोरीला ऊब पायजे, मान न्हाय."

तो पिंजर, म्हणजे भाताचा वाळका पेंढा, आणायला गवताच्या गंजीकडं निघून गेला.

दोघं कामाला लागली. भाताची पिंजर पोत्यांत ठासून भरायची आणि भिंत व कौलं यांच्यामधल्या फटीत ती पोती बसवायची. शिडीवर बाळासो, खाली शालूबाई.

"जरा डावीकडं सरकवा."

"माझ्या डावीकडं का तुझ्या?"

"वाऱ्याच्या!"

खिडकीच्या झडपांना कणकेची खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली. वरच्या बाजूला एकच झरोका हवेपुरता मोकळा ठेवला. मग शालूबाईनं ट्रंकेतली जुनी लुगडी काढून एकमेकांना जोडली आणि कौलांखाली आडवी ताणायला घेतली. त्यात एक पिवळं, हिरव्या काठाचं निघालं. अनुजाच्या वेळी शालूबाई पोटुशी असताना बाळासोनं ते गगनबावड्याच्या बाजारातनं आणलं होतं.

"हे नगं," तो म्हणाला. "हे ठेव."

"फाडायचं न्हाय, वर बांधायचंय. पोर उताणी पडून काय कौलं बघंल व्हय?"

मग ते त्यानंच बांधलं, बरोबर मधोमध.

गादीवाला गौस आपलं पिंजायचं मशीन टेम्पोत घालून आला. घरातल्या दगडासारख्या झालेल्या दोन गाद्या त्यानं अंगणात उसवल्या. कापूस उडून बाळासोच्या मिशांवर बसला.

"कापूस जुना हाय, पर जीव हाय त्यात," गौस म्हणाला आणि संध्याकाळच्या आत एक फुगीर गादी नि एक इवलीशी दुलई शिवून दिली. दुलईचं त्यानं काही घेतलं नाही. "ती माझ्याकडनं. पोरगी चालायला लागली की आमच्या घरी पाठवा."

खोली जमली का हे बघायला अनुजा यायच्या आदल्या रात्री दोघं तिथंच झोपली. कोंबडं आरवायच्या आत उठणारा बाळासो जागा झाला तेव्हा अंगणात ऊन आलं होतं, म्हशी हंबरत होत्या आणि डेअरीची गाडी दूध न घेताच निघून गेली होती.

"जमली म्हणायची खोली," शालूबाई हसत म्हणाली आणि लागोपाठ चार वेळा शिंकली.

पिंजरीची धूळ तिला बाधली होती. दुपारी अनुजा बाळाला घेऊन दारात उतरली तोवर शालूबाईचा आवाजही बसला होता. सर्दी घेऊन बाळाजवळ जायची सोय नव्हती. नाकाला पदर बांधून तिनं दारातनंच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि डोळे पुसत मागं सरली.

दोन दिवस अनुजानं एकटीनं निभावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गादीवर बसल्या बसल्या पेंगायला लागली. बाळासो दारातनं बघत होता.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही घेता का हिला जरा? मला घटकाभर पडू दे."

"मी?" तो दचकला. "गडी माणूस मी. माझं हात बघ."

"हातांचं काय काम? छाती पायजे, छाती," शालूबाई बाहेरनं घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कोमट पाण्यानं अंघोळ करा, धुतलेलं धोतर नेसा आन् बसा गुमान."

तो अंघोळ करून आला, भिंतीला टेकून बसला. अनुजानं बाळ त्याच्या उघड्या छातीवर उपडं ठेवलं, वरनं दुलई, दुलईवर शाल. बाळानं एकदा नाक घासलं, कुरकुरलं आणि त्याच्या छातीवरल्या पांढऱ्या केसांत मूठ अडकवून झोपी गेलं.

"आगं, काळीज उडाय लागलंय हिचं," तो पुटपुटला. "चिमणीवानी."

अनुजा तेवढ्यात झोपलीही होती.

मग रोज सकाळी डेअरीच्या गाडीला दूध घालून आला की बाळासो अंघोळ करून तयार. शालूबाईची सर्दी गेली, तरी त्यानं आपली पाळी सोडली नाही.

रविवारी जावई, विजयसिंह, कोल्हापूरहून आला. शालूबाईनं त्याला सोप्यात खुर्ची दिली, पण तो थेट मधल्या खोलीत शिरला. समोर सासरे उघडेबंब, त्यांच्या छातीवर आपली चिमुकली लेक. दोघंही ओशाळले. बाळासोला उठता येईना, विजयसिंहाला बाहेर पडता येईना.

"मामा, तुम्ही... द्या इकडं, मी घेतो."

"असं न्हाय मिळत," बाळासो हळू आवाजात म्हणाला. "हातपाय धुवा. शर्ट काढा, पावणं."

"शर्ट?"

"ऊब कापडातनं जात न्हाय. काढा, लाजू नगा."

विजयसिंहानं दाराकडं बघितलं. दारात सासू, गादीवर बायको, दोघीही तोंडाला पदर लावून हसत होत्या. लाल झालेल्या कानांनी तो हातपाय धुऊन आला, शर्ट खुंटीला अडकवून बसला. बाळासोनं मूठ अलगद सोडवली, बाळ जावयाच्या छातीवर ठेवलं, दुलई नीट खोचली, मान वळवून नाक मोकळं केलं. विजयसिंहानं श्वासच रोखून धरला होता.

"श्वास घ्या की. तुमचा चालला तर तिचा चालंल."

थोड्या वेळानं बापाचे खांदे खाली आले. डोळे भरले होते, पण हात गुंतल्यामुळं ते पुसता येत नव्हते. अनुजानंच पदरानं पुसले.

बाळासो उठून अंगणात आला. ऊन चांगलं तापलं होतं. तरी त्याच्या छातीला गार लागलं. त्यानं तळव्यानं छाती चोळली, बंडी घातली, पाय मोकळे करायला चार पावलं चालला आणि परत दाराशी आला.

"पावणं," त्यानं हळूच विचारलं, "दमला न्हाईसा नव्हं?"