वर्षाराणीकडची टाकी

"थांबा, थांबा! नळाखाली धरू नका!"

ईश्वरप्पा इतक्या जोरात ओरडला, की गाल धरून बसलेले पेशंट क्षणभर आपलं दुखणं विसरले. वर्षाराणीच्या हातातला स्पंज पडता पडता राहिला.

लातूरच्या एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर होती. तिथल्या वेटिंग रूममधली माशांची टाकी साफ करायला ईश्वरप्पा दर आठवड्याला आपल्या टाक्यांच्या दुकानातून यायचा. आज त्याला उशीर झाला, पाणी गढूळ दिसायला लागलं, म्हणून तिनंच फिल्टर उघडून स्पंज बाहेर काढला होता.

"घाणच तर काढायले मी," ती म्हणाली.

"ह्या स्पंजात चांगले जिवाणू हायत, मॅडम. माशांच्या घाणीचं विष तेच मारतात. नळाच्या क्लोरीननं सगळे मरतील. टाकीतलंच पाणी बादलीत घ्या, त्यात हलक्या हातानं पिळा."

"एवढंच होतं तर ओरडायचं कशाला?"

ईश्वरप्पा कानापर्यंत लाल झाला. पुढच्या आठवड्यात तो वेळेच्या आधी आला.

वर्षाराणी चाळिशीला टेकली होती. स्थळं यायच्या वयात आई अंथरुणाला खिळली. आई गेली तेव्हा स्थळं यायची थांबली होती. आता घरी ती आणि वडील, शेषेराव. दवाखान्यातून आली, की स्वयंपाक, वडिलांचं जेवण, टीव्ही. त्यात ईश्वरप्पाच्या या नव्या शब्दांनी तिला मजा वाटायला लागली. नवी टाकी मासे न सोडता काही आठवडे चालू ठेवायची, त्याला 'सायकल' म्हणायचं. काच चाटत फिरतो तो मासा 'सकर'.

एकदा तो टाकीत डोकावून ओरडला, "मॅडम, फ्राय झालेत!"

"अगं बाई! हीटर बिघडला काय?"

"न्हाई ओ! पिल्लं झालीत. माशाच्या पिल्लांना फ्राय म्हणतात."

वर्षाराणी एवढी हसली, की डॉक्टरांनी दारातून डोकं बाहेर काढलं.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी दवाखान्याचं रूप बदलायला काढलं. टाकीच्या जागी मोठा टीव्ही येणार होता. "टाकी कुणाला तरी देऊन टाका," ते म्हणाले.

"मी नेते," वर्षाराणी म्हणाली. घरी काय सांगायचं, याचा विचार तिनं नंतर केला.

रिक्षातून टाकी घरी आली, सोबत ईश्वरप्पाही. मासे पिशव्यांत, त्यांच्याच जुन्या पाण्यात. ओला स्पंज डब्यात. शेषेराव दारातच उभे होते.

"नळाला पाणी कधी येतंय ठाऊक न्हाई, अन् माशांना कुठून आणावं?"

"काका, सगळं पाणी बदलायचं नसतंय," ईश्वरप्पा म्हणाला. "थोडंच. अन् निघालेलं पाणी झाडाला घाला. खतापेक्षा भारी."

पहिल्या पाणीबदलाची बादली शेषेरावांनी स्वतः गच्चीवर नेली. तिथं बायकोनं लावलेला मोगरा वाळत चालला होता. महिन्याभरात त्याला कळ्या आल्या. मग दर रविवारी ईश्वरप्पा टाकी बघायला यायच्या आधीच ते बादली घेऊन टाकीपाशी बसू लागले.

असाच एक रविवार. टाकी स्वच्छ होती, फिल्टर सुरळीत होता, तरी ईश्वरप्पा काचेसमोरून हलत नव्हता. शेषेरावांनी पेपर खाली ठेवला.

"काय बिघडलंय?"

"काही न्हाई, काका."

"मग काय बघायलास एवढं?"

आत वर्षाराणीनं गॅस बारीक केला.

"काका, माझी बायको जाऊन लई वर्षं झाली," ईश्वरप्पा काचेकडे बघतच म्हणाला. "वर्षाराणीला विचारायचं होतं. जमंना."

"मग मला कशाला सांगायलास? ती हाय की आत."

पिठाचे हात तसेच घेऊन वर्षाराणी दारात आली. "हाव," ती म्हणाली.

"अजून विचारलं न्हाई मी."

"मग विचारा. परत तेच सांगते."

शेषेराव इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

पंधरवड्यानं उदगीरहून ईश्वरप्पाची आई त्याच्याबरोबर मुलगी बघायला आली. घर पक्कं शाकाहारी. माशांचं नाव नको म्हणून लेक काचेचं काम करतो, असंच ती गल्लीत सांगत आलेली. आजवर तिनं त्याच्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. नाकाला पदर लावूनच ती आत आली. वर्षाराणी चहाचा ट्रे घेऊन आली. वय विचारतील म्हणून किती तरी उत्तरं तिनं मनात घोळवली होती.

म्हातारीनं पदर जरा बाजूला केला. "वासच न्हाई की रे!"

ती टाकीजवळच्या दिवाणावर जाऊन बसली. काचेवर बोट ठेवलं. एक लांब परांचा मासा बोटापाशी आला. तिनं बोट सरकवलं, तसा तोही सरकला. "छलो अद," छान आहे, असं ती कानडीत पुटपुटली. तिचा चष्मा काचेला टेकला होता. चहावर साय धरली. मुलगी बघायला आलोय, हे ती विसरूनच गेली होती.

बऱ्याच वेळानं, मान न वळवता, ती दिवाणावर थोडी सरकली.

"ये गं, हितं बस. ह्ये पट्ट्याचं कोन्चं? एकेकाचं नाव सांग मला."

वर्षाराणी तिच्या शेजारी टेकली, आणि काचेतल्या पहिल्या माशाकडे बोट दाखवून सांगू लागली.