मोहिनीची काच

माझी बायको मोहिनी एकवीस वर्षं पदराआडून हसली. तिचे पुढचे दात बाहेर होते. लग्न होऊन ती कळवणला आली त्याच दिवशी वत्सलावहिनी, माझी थोरली भावजय, म्हणाली होती की कांदे काढायला आता वेगळं फावडं नको. घरात तिचं नावच फावडं पडलं.

मी पुढे अंबडला कारखान्यात लागलो, बिऱ्हाड नाशिकला आलं. २००७ साली इंदिरानगरच्या एका डॉक्टरांनी दातांना तारेऐवजी पारदर्शक साचे बसवायला सुरुवात केली. मोहिनीने हट्टाने लावून घेतले. दर पंधरा दिवसांनी नवा साचा. जेवताना काढायचा, चूळ भरून परत घालायचा. ती त्याला काच म्हणायची. चार हातांवरून कळतही नसे. वर्षभरात दात बरेच आत गेले. एका सकाळी मी शर्ट उलटा घातला म्हणून ती हसली आणि पदर वर गेलाच नाही.

पुतण्याच्या लग्नात बायका तिला विचारत होत्या, काय केलंस, लय छान दिसतीस. नेमकं काय बदललं ते कुणाला सांगता येईना. वहिनीने मात्र जवळ येऊन तिची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं.

"प्लास्टिक बसवलंय हिनं. फावडं ते फावडंच, आता त्याला कव्हर हाय."

मांडव हसला. मी शेजारीच होतो. घरी येताच मोहिनीने काच डबीत ठेवली. पदर पुन्हा वर गेला, माझ्यासमोरसुद्धा. भाद्रपदात डेंग्यूने ती गेली.

दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवताना मी ती काच भातावर दाबून बसवली. माणसांना दिसली नाही. कावळ्यांना दिसली. उन्हात ती चकाकली की खाली उतरलेला कावळा दोन हातांवरून मागे फिरायचा. माझ्या थोरल्या भावाने, भिमाजीदादाने, वहिनीच्या शेजारी उभं राहून शब्द दिला की मोहिनीच्या पोरीचं लग्न मी करीन. कावळा शिवेना. तास गेला. लोक तापले.

मी म्हणालो, "वहिनी, तिचं तुमच्यापाशीच काहीतरी राहिलंय."

वहिनीचा चेहरा उतरला. हात जोडून ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोला. तिला ऐकू गेलं नाय."

"मोहिनी, तुझं हसू चांगलं होतं गं. माझंच तोंड वाईट."

मी तिला ते तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा ती रडली. मग पिंड नीट करायच्या निमित्ताने मी काच काढून मुठीत घेतली आणि मागे सरलो. कावळा लगेच शिवला.

भावकीत अजून बोलतात की मोहिनीचा जीव वत्सलाबाईच्या तोंडात अडकला होता. वहिनीच्या कानावर ते जातं. आता चारचौघांत ती तोंडावर पदर धरून बोलते.

मी तिला खरं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.