यादीतलं पाचवं नाव

ठेकेदार भुपेंद्रने मजुरांच्या यादीतलं पाचवं नाव दुसऱ्यांदा खोडलं. हात आपोआप चिंधू लिहीत होता, आणि चिंधूला जाऊन आठ महिने झाले होते.

समोर विमा एजंट मनाली बसली होती. तुमसरच्या राइस मिलवर छपराचे पत्रे बदलायचे, तर मजुरांच्या विम्याचा कागद दाखवल्याशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत. तेवढ्यापुरता कागद करायचा, आठ माणसं कामाला आणि चौघांची नावं यादीत, हे सगळेच ठेकेदार करतात. गेल्या खेपेस अंकुश नावाचा मजूर आला नाही, म्हणून त्याच्या गेटपासवर चिंधू आत गेला. शिडीपाशी थांबून त्याने विचारलं होतं,

"भाऊ, माह्यं नाव टाकलं ना?"

"टाकलं ना बे. चढ बिनधास्त."

दुपारी सिमेंटचा जुना पत्रा त्याच्या पायाखाली फुटला आणि तो खाली पडून जागीच गेला. यादीत नाव नव्हतं. विमा कंपनीने हात वर केले.

तेव्हापासून जेवताना, गाडीवर, कुठल्याही शिडीखाली उभं राहिलं की चिंधू विचारायचाच. भुपेंद्र तोंडातल्या तोंडात उत्तर द्यायचा, आणि बायको म्हणायची, कोणासंग बोलता?

दाराशी चपला काढून रुखमा आत आली. चिंधूची बायको. तिने आधार कार्ड टेबलावर ठेवलं.

"भाऊ, मलेही घ्या कामावर. खालून पत्रे देईन. पन कंपनीले माह्यं नाव कापू नका देऊ. त्यायचं कापलं तसं."

कंपनीने ऐनवेळी नाव कापलं, असं भुपेंद्रनेच तिला सांगितलं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"कंपनीनं नाही कापलं, रुखमाबाई," तो म्हणाला. "मीच टाकलं नव्हतं."

रुखमा ओरडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने खुर्ची ओढली आणि टेबलाला लागून बसली.

"लिवा. माह्यासमोर लिवा."

त्याने कार्डावर बघून एकेक अक्षर उतरवलं. रुखमाने कागद मनालीपुढे सरकवला.

"मले वाचता नाही येत. वाचून दाखव, बाई."

"रुखमा चिंधू मेश्राम," मनालीने वाचलं.

"अजून एकदा वाच," रुखमा म्हणाली.