पितृपक्षाच्या आदल्या दिवशी

हैदराबादच्या गाडीत बसले तेव्हा मला वाटत होतं, आमच्या घरात एक लढाई झाली आणि ती सुधीरदादानं माझ्यासाठी जिंकली.

लढाई म्हणजे अशी. आमचं पुण्याचं कॉलेज आणि हैदराबादचं एक कॉलेज यांनी मुलांची अदलाबदल करायची ठरवली. त्यांची मुलं पंधरा दिवस आमच्याकडे, आम्ही त्यांच्याकडे, एकमेकांच्या घरी राहायचं. कॉम्प्युटरचा विषय असलेल्यांमधून माझी निवड झाली होती. मला तिथलं कॉलेज बघायचं होतं, जमलं तर पुढचं शिक्षण तिथंच करायचं होतं. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "मुलीची जात. परक्या गावात काही जायचं नाही."

आणि दादा उठला. बाबा आले की रेडिओ बंद करून आतल्या खोलीत जाणारा माझा दादा! टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "बाबा, सगळा देश खुला झाला. बाहेरच्या कंपन्या आल्या, घरोघरी केबल आली. आपल्याच दाराला कडी का? जाऊ दे तिला!" असा ओरडला की शेजारच्या काकूंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. हातातलं लाटणं तसंच राहिलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. माझ्यासाठी कुणी असं भांडेल, असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "जा." आईनं माझ्या बॅगेत तिची मोरपंखी रेशमी साडी घातली. "असू दे. कुठे कार्यक्रम असतो." मला वाटलं, हाच तिचा आशीर्वाद.

दादा रंगीत टीव्हीच्या कंपनीत होता आणि मधे वर्षभर हैदराबादला राहून आला होता. तिथल्या प्रतापरावांच्या घरी त्याचं जाणं-येणं होतं. त्यांची मुलगी शिल्पा त्याच कॉलेजात, म्हणून खटपट करून त्यानंच आमची जोडी लावून घेतली. शिल्पा आमच्याकडे, मी त्यांच्याकडे. आम्ही निघायच्या आधीच शिल्पा पुण्यात आली. मी तिला माझा पलंग दिला, कपाटातला कप्पा दिला. जेवताना दादाला भाजी वाढायला गेली आणि लाजून निम्मी पाटावर सांडली. मी म्हटलं, नवखी आहे. मला शहाणीला तेवढंही कळलं नाही!

हैदराबादला उतरलो तो अनंत चतुर्दशीनंतरचा दिवस. रस्त्यांवर अजून गुलाल होता. पहिल्या दिवसाचा बेत ठरलेला होता. सकाळी चारमिनार, दुपारचं जेवण सगळ्यांनी काचीगुड्याला प्रतापरावांकडे, मग गोवळकोंडा. दादानं सांगून ठेवलं होतं, "किल्ल्याच्या दारात टाळी वाजव. पार वर ऐकू जाते. तुझी टाळी मला पुण्यात ऐकू आली पाहिजे." सकाळपासून माझे तळहात शिवशिवत होते.

प्रतापराव मूळचे शेतकरी घरातले, आता सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी तारामतीकाकू दारातच उभ्या होत्या. सगळ्यांना म्हणाल्या, "या, बसा," आणि माझा मात्र हात धरला तो सोडेचनात. बगारा भात, खट्टी दाळ, वर खुबानीचा, म्हणजे जर्दाळूचा मीठा, असं जेवण. प्रत्येक वाढप माझ्यापासून सुरू होत होतं. पलंगावर शेजारच्या चार बायका बसून माझ्याकडे बघत होत्या. मी हात धुवायला उठले तर एक दुसरीला म्हणाली, "उंची बराबर हाय." माझ्या मनात आलं, कशाशी बराबर? पण खुबानीनं तोंड गोड झालेलं, विचारलं नाही.

त्यांचा थोरला मुलगा विकास पाण्याचे पेले फिरवत होता. माझ्यापाशी आला की त्याच्या ट्रेमधलं पाणी हिंदकळायचं. श्रुती, माझी वर्गातली मैत्रीण, कानात म्हणाली, "गेला बिचारा कामातून." आम्ही फिदीफिदी हसलो.

निघताना काकूंनी मुलींना हळदीकुंकू लावलं, एकेक गजरा दिला. माझी पाळी आली तर पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी. कुणीतरी मागून माझी ओढणी डोक्यावर ओढली आणि काकू समोर तांदूळ, नारळ, खण घेऊन उभ्या राहिल्या.

श्रुतीचं हसू तिथंच थांबलं. कुमारिकेची ओटी कुणी अशी जाता-येता भरत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. ती भरायची सासरच्यांनी, लग्न ठरल्यावर, कुंकू लावायच्या दिवशी. मला वाटलं, इकडची रीत वेगळी असेल. मोठ्या बाईनं ओटी धरली की पदर मागं घ्यायचा नाही, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. मी ओढणी पसरली. तांदूळ पडले. नारळ पडला. पलंगावरच्या बायका म्हणाल्या, "मुबारक हो, तारामती!" आमच्याबरोबर आलेल्या कॉलेजच्या मॅडमना कुणीतरी पेढा भरवला, त्याही गडबडून "अभिनंदन" म्हणून गेल्या.

"काकू, हे कशाचं?" मी विचारलं.

"काकू नक्को म्हणू आता." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "तुमच्या घरचे शेवटच्या दिवशी येणार, तवा करायचं ठरलं होतं. पर गडीमाणसांनी ठरवलेलं! पंचांग कोण बघतंय? मी आज सकाळी बघितलं, तर उद्यापासून सगळाच पितरपाठ. मग म्हटलं, आजच उरकून घ्यावं. पुण्याला कळवते संध्याकाळी."

"पण काय उरकायचं?"

"अगं, साटंलोटं! आमची शिल्पा तुमच्या सुधीरला, तू आमच्या विकासला. लेकीच्या बदल्यात लेक. कुणाचंच घर रिकामं नाही." आणि त्या मनापासून हसल्या. त्यांच्या मनात काहीच काळंबेरं नव्हतं. त्यांना वाटत होतं, मला सगळं माहीत आहे.

मी अंगणात आले. ओटी तशीच ओढणीत गच्च धरलेली. मागून विकास आला. माझं तोंड बघून त्याचंच तोंड उतरलं.

"तुम्हाला सांगितलं नाही?"

"नाही."

"सुधीर तर म्हणला, बहिणीला विचारलंय, ती हौ म्हणली." त्यानं फाटकाकडे हात केला. "घरच्या फोनवरनं नक्को. नाक्यावर एसटीडी बूथ हाय."

मी ओटी अंगणातल्या कट्ट्यावर ठेवली आणि निघाले. चालताना एकच गोष्ट घोकत होते. या लोकांचा काहीतरी गैरसमज झालाय. दादाला कळलं की तो पहिल्या गाडीनं येईल आणि यांच्यावरही तसाच ओरडेल.

फोन शिल्पानं उचलला. माझा आवाज ओळखला आणि म्हणाली, "हौ वहिनी, पोचलात?" मग घाईनं रिसीव्हर बाजूला ठेवला. मागे कपबशा वाजत होत्या, आई कुणाला तरी हाक मारत होती. माझंच घर.

दादा आला. "काय गं, पोचलीस? वाजवलीस का टाळी?" इतका गोड आवाज की क्षणभर मला वाटलं, झालं, आता सगळं सरळ होणार.

"दादा, त्यांनी माझी ओटी भरली."

तो म्हणाला, "आजच?"

कुणी, का, कशी, काही नाही. "आजच?" केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या एका शब्दात समजलं.

"नीली, ऐक. मी सांगणारच होतो."

"कधी?"

"तू तिथं राहिली असतीस, घर आवडलं असतं, विकास चांगला मुलगा आहे, मग आपोआपच..."

"आणि नसता आवडला तर?"

तो घाईघाईनं सांगायला लागला. प्रतापरावांची अट होती. शिल्पा हवी तर बहीण द्या. त्यानं खूप समजावलं, ते ऐकेनात. "तू नाही म्हणालीस तर ते तिला परत घेऊन जातील. नीली, मी तिच्याशिवाय नाही राहू शकत गं."

"आणि बाबांवर ओरडलास ते?"

"बाबांना तेव्हा काही माहीत नव्हतं. रात्री सांगितलं त्यांना सगळं. मग सकाळी हो म्हणाले."

म्हणजे त्याच्या ओरडण्यानं बाबा बदललेच नव्हते. कडी काढली होती ती मला बाहेर जाऊ द्यायला नाही, बाहेर द्यायला.

"ते तिला घेऊन जातील ना? मग जाऊ देत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "बाजार खुला झाला म्हणालास, पण विकायला घरातली बहीणच काढलीस!"

फोनवर खुडबूड झाली आणि आई आली. माझा जीव भांड्यात पडला. आई तरी.

"नीली," ती हळू आवाजात म्हणाली, "कोणती साडी नेसली होतीस? मोरपंखी ना?"

"सलवार-कमीज होती, आई."

"अगं बाई! काय वाटलं असेल त्यांना!"

मी फोन ठेवला.

परत आले तेव्हा आमची बस दारात हॉर्न देत होती. कट्ट्यावरची ओटी उचलून मी आत गेले आणि देवापुढं ठेवली. काकू लगबगीनं आल्या. "अगं अगं, हे काय? ओटी परत करत नसतात."

"विचारल्याशिवाय भरतही नसतात, काकू." मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांचा काही दोष नव्हता. "मी इथं शिकायला आले होते. माझी बॅग घेऊन जाते."

दारात विकास होता. त्यानं बॅग उचलून बसमध्ये ठेवली आणि मागं फिरला. मी मॅडमना सांगितलं, माझी सोय श्रुती उतरलीय त्या घरी करा. मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

गोवळकोंड्याच्या दारात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रुती म्हणाली, "तू पण वाजव ना." माझे हात वर उठले नाहीत. लग्न ठरवलं यावर मी कदाचित पुढंमागं हसूही शकले असते, नाही म्हणून मोकळी तर झालेच होते. रडू येत होतं ते वेगळ्याचं. त्या संध्याकाळी पोळ्या लाटताना मी देवाला म्हटलं होतं, पुढच्या जन्मी हाच भाऊ दे.