चंद्रकलाची आवत्या

सानगडीची चंद्रकला तीन वर्षं नवऱ्याला एकच गोष्ट सांगत होती. रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, बाया मिळत नाहीत, वाट पाहून रोपं पिवळी पडतात. तर शेताच्या वरच्या दोन बांध्यांत आवत्या टाका, धान थेट मातीत पेरा. तिची आई लाखांदूरकडे तसंच करायची.

"जुना कारभार हाय थो. तणच तण होते," म्हणून ताराचंद विषय संपवायचा.

मग त्याला शेतीच्या पॉडकास्टचं वेड लागलं. गाय धुताना ऐकायचा, जेवतानाही ऐकायचा. गेल्या मे महिन्यात तो अंगणात येऊन म्हणाला, "नवीन तंत्र आलं वो! रोवणाच नाही, धान सिद्धा पेराचा!"

चंद्रकलाच्या हातातलं सूप थांबलं. "मी कवापासून काय सांगून राहिली?"

"तुहं वेगळं. ह्याले डीएसआर म्हणतात, डायरेक्ट सीडेड राइस."

वरच्या दोन बांध्यांत पेरायचं ठरलं. बियाणं किती, किती खोल, सगळं तिनेच ठरवलं. निंदणही तिने आणि जाऊ गुड्डीने केलं. ताराचंदने फोटो काढून पॉडकास्टच्या ग्रुपवर टाकले.

ते पाहून पॉडकास्टवाल्या अश्विनने नागपूरहून फोनवर मुलाखत घ्यायचं ठरवलं. त्या दिवशी ताराचंदने कोंबड्या हाकलल्या, पंखा बंद केला आणि बायकोला भांडी वाजवू नको म्हणून बजावलं.

"मी पयलेपासूनच प्रयोग करणारा आदमी हावो," तो फोनवर सांगू लागला. स्वयंपाकघरात चंद्रकलाचं डोकं भणभणलं.

"दादा, तणाचं काय केलं?" अश्विनने विचारलं.

"थे... टायमावर केलं."

"म्हणजे कितव्या दिवशी?"

ताराचंदने फोनवर हात ठेवला. "वो, कितव्या दिवशी?"

"विसाव्या! आन मंग चाळिसाव्या!" ती दारातून ओरडली. "दोन्ही खेपेले आमी वाकलो. पेराच्या आधी तण उगवू द्याचं, थे मोडाचं, मंग पेराचं. माह्या मायनं शिकवलं हे, पॉडकास्टानं नाही!"

"ताई, तुम्हीच बोला ना," अश्विन म्हणाला. ती बसली आणि पाऊण तास बोलली.

ताराचंद दोन दिवस फुगून होता. "माह्या मुलाखतीची वाट लावली." मग मुलाखत ऐकून लाखांदूरकडच्या बायांचे फोन येऊ लागले, पेरणी दाखवायला या म्हणून. ते फोनही त्यालाच उचलून तिला द्यावे लागले.

धान रोवण्याइतकंच झालं. यंदा सगळ्याच बांध्यांत आवत्या टाकायची ठरली, तेव्हा बियाणं किती लागेल ते विचारायला तो आपणहून तिच्याकडे आला.

"आधी निंदणाले कोण येते थे सांगा," ती म्हणाली.

"मी येतो ना."

चंद्रकलाने त्याच्याकडे पाहिलं, आणि गुड्डीलाही निंदणाला यायला सांगून ठेवलं.